वत्सराजापुढचा पेच

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. आपले कूळ परमारांचे, असे पवार सांगत आले. त्यामुळे अकराव्या शतकातील धारचा भोजराजा हा त्यांना पूर्वजच होय. त्याच्याविषयीची एक कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त आहे. कुमार भोज पुढे दीर्घकाळ राज्य करील, हे भविष्य ऐकून त्याचा चुलता मुंज अस्वस्थ झाला आणि त्याने वत्सराजाला मुलाच्या वधाची आज्ञा दिली. वत्सराजाचा हात उचलेना. त्याने भोजाला लपविले व राजाला खोटे शिर दाखविले. पुढे मुंजाला पश्चात्ताप झाला, तेव्हा भोज जिवंत परत आला.

इतिहास याला दुजोरा देत नाही. मुंजानंतर भोजाचा पिता सिंधुराज गादीवर आला होता. तरीही कथा टिकली, कारण तिच्यातील पेच खरा आहे. राजाज्ञा मोठी की निरपराध जीव?

तरुण मनाचा नीतिविचार पारखणाऱ्या संशोधकांनी असेच पेच हाती घेतले. जाँ पियाजे याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांना विचारलेले प्रश्न दिले आहेत : हे नियम कोणी केले? ते बदलता येतील का? लॉरेन्स कोलबर्गने १९५८ च्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातील दहा, तेरा व सोळा वर्षांच्या ७२ मुलांपुढे कल्पित पेच ठेवले. त्यांतील अनेकांना दर तीन-चार वर्षांनी गाठून सुमारे वीस वर्षे तेच पुन्हा विचारले.

या पद्धतीचे मर्म ‘का?’ या प्रश्नात आहे. एक विद्यार्थी म्हणेल, “भोजाला सोडावे, तो राजा झाल्यावर बक्षीस देईल.” दुसरा म्हणेल, “सोडावे. निरपराधाला मारण्याचा अधिकार राजालाही नाही.” उत्तर एकच, पण विचारांची पायरी निराळी. उत्तरालाच गुण देणाऱ्या परीक्षेत हे अंतर दिसत नाही.

या पद्धतीतही उणिवा होत्या. कोलबर्गने निवडले ते केवळ मुलगे; कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये त्यावर बोट ठेवले. रिचर्ड श्वेडर व त्याच्या सहकाऱ्यांना भुवनेश्वरात आढळले की, अमेरिकेत जो केवळ रिवाज, तो येथे धर्म असू शकतो. म्हणून प्रश्न ऐकणाऱ्याच्या मातीतला हवा.

आणखी एक मर्यादा उरतेच. नीट बोलणारा नीट वागेलच, असे नाही. वत्सराजाची परीक्षा शब्दांची नव्हती. त्याच्या हाती शस्त्र होते. तरी मुलाला ‘चूक’ म्हणण्यापूर्वी ‘का?’ विचारावे आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढे तरी वडीलधाऱ्यांनी या संशोधनापासून शिकण्याजोगे आहे.