एकल खोली अधिभार

एकल खोली अधिभार म्हणजे सहलीत स्वतंत्र खोली घेणाऱ्या एकट्या प्रवाशाकडून आकारले जाणारे वाढीव शुल्क होय. पर्यटन व्यवसायात त्यास ‘सिंगल सप्लिमेंट’ असेही म्हणतात.

कारण

सहलीचा जाहीर दर सामान्यतः दोघांनी एक खोली वापरण्याच्या हिशोबाने ठरतो. हॉटेलचे भाडे मात्र बहुधा माणशी नसून खोलीमागे असते. उदाहरणार्थ, ४,००० रुपये भाड्याच्या खोलीत दोघांना प्रत्येकी २,००० रुपये पडतात, एकट्याला पूर्ण ४,०००. १० रात्रींच्या सहलीत हा फरक २०,००० रुपये होतो. कोथरूडसारख्या उपनगरांतून एकट्याने निघणाऱ्या ज्येष्ठांना, विशेषतः जोडीदार गमावलेल्यांना, हा भार जाणवतो.

पर्याय

नोंदणीच्या वेळी सहनिवासी मिळवून देण्याची विनंती करता येते. स्त्रीस स्त्री व पुरुषास पुरुष सोबती दिला जातो. सोबती न मिळाल्यास अधिभार कोणी सोसावयाचा, हे आधीच लेखी घेणे हिताचे असते. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांच्या खास महिलांच्या सहलींत अशी सोबत मिळणे सुलभ होते. स्वतंत्र प्रवासात रेल्वे स्थानकांवरील डॉर्मिटरी आणि यूथ हॉस्टेल उपयोगी पडतात. तेथे भाडे खोलीमागे नसून खाटेमागे असते. यूथ हॉस्टेलची कल्पना जर्मन शिक्षक रिचर्ड शिरमान यांची असून पहिले कायमस्वरूपी हॉस्टेल १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात सुरू झाले.