लॅश, विल्यम क्विन्लन

(५ फेब्रुवारी १९०५–१९८६). मुंबईचे अँग्लिकन बिशप (१९४७–६१) आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाचे आचार्य. शिक्षण टनब्रिज स्कूल व केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात. १९२८ मध्ये दीक्षा घेतल्यावर पोर्टसी येथे साहाय्यक धर्मगुरू. १९३२ मध्ये ते पुण्याला आले.

मुंबईच्या विलेपार्ल्यासारख्या उपनगरात बिशप म्हटले की रोमन कॅथलिक धर्माधिकारीच आठवतो. ते साहजिक आहे. साष्टीच्या गावठाणांतील ख्रिस्ती घराणी पोर्तुगीज अमदानीतली. अँग्लिकन पंथ आला तो इंग्रजांबरोबर, मुंबईच्या किल्ल्यात. तिथल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या वेशीवरूनच चर्चगेट हे नाव पडले. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईला बिशप मिळाला, पगार ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिन्यातून. पहिले बिशप टॉमस कार (१८३७).

लॅश यांची वाट मात्र आश्रमातून आली. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ भारतीय आणि इंग्रजांना एका पंक्तीला बसवत असे. खादी, शाकाहार, जमिनीवरची बैठक हा तिथला परिपाठ. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले व्हेरिअर एल्विन १९२७ साली भारतात आले ते याच संघात. गृहस्थांनाही सामावणाऱ्या या संघातून १९३४ मध्ये ब्रह्मचर्यव्रत घेणाऱ्यांचा ख्रिस्त प्रेम सेवा संघ वेगळा झाला आणि लॅश त्याचे आचार्य झाले. मूळ संघाची इंग्लंडमधली शाखा पुढे डॉर्सेटमधल्या सेंट फ्रान्सिसच्या अँग्लिकन संघात मिसळली, म्हणजे पुण्याचे बी डॉर्सेटमध्येही रुजले.

स्वातंत्र्याच्या वर्षी रिचर्ड ॲक्लंड यांच्या जागी लॅश यांची निवड झाली. बिशप झाल्यावरही १९४९ पर्यंत आणि पुन्हा १९५३ ते ६१ या काळात ते आचार्यपदावर होते. बिशप आणि आचार्य ही दोन्ही बिरुदे एकाच माणसाला शोभावीत, ही या चरित्रातली लक्षणीय गोष्ट. गादीपेक्षा आश्रमातच त्यांची खूण अधिक उमटली आहे. ‘द टेंपल ऑफ गॉड्स वूंड्स’ हे पुस्तक त्यांनी विल क्विन्लन या नावाने लिहिले.

१९६१ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. १९६२ ते ७३ या काळात ते इंग्लंडमध्ये ट्रूरोचे साहाय्यक बिशप होते. दरम्यान २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातील चर्चची एकत्र घडी बसली आणि मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत तीत विलीन झाला. पुण्यात शिवाजीनगरच्या संघाच्या आश्रमात १९७२ पासून कॅथलिक आणि अँग्लिकन धर्मभगिनी एकत्र राहू लागल्या.