माळव्याचे विणकर आणि आमचा इतिहास

उज्जैनच्या माधवनगर या नावात शिंदेशाहीची स्मृती आहे. माळव्यातील मराठ्यांचा इतिहास आम्ही बहुधा अशाच खुणांवरून वाचतो: सरदारांची नावे, घाट, मंदिरे आणि दप्तरे. या भूमीतील वस्त्रांचा इतिहास त्याहून फार जुना आहे. आणि तो पाहिला म्हणजे राजाश्रय व कारागीर यांच्या नात्याविषयीची रूढ कल्पना अपुरी वाटू लागते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या व्यापारविषयक ग्रीक ग्रंथात उज्जयिनीहून भडोच बंदरास मलमल व साधे सुती कापड जात असल्याची नोंद आहे. ते विणणारे कोण, हे तेथे कळत नाही. उज्जैनच्या वायव्येस मंदसोर येथे सापडलेला शिलालेख मात्र विणकरांचाच आहे. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास, आजच्या मंदसोरास, येऊन राहिली. त्या श्रेणीने इ. स. ४३६ मध्ये सूर्यमंदिर उभारले आणि ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. वत्सभट्टीने रचलेल्या या प्रशस्तीत तेथील राजाच्या गुणांनी ते आकृष्ट झाले असे म्हटले आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणी धनुर्विद्येकडे, कोणी ज्योतिषाकडे वळले, हेही सांगितले आहे. येथे विणकर आश्रित नाहीत. ते दाते आहेत आणि आपला वृत्तान्त स्वतः कोरवून घेत आहेत.

तेरा शतकांनंतर अहिल्याबाई होळकरांनी (कारकीर्द १७६७–१७९५) नर्मदातीरी महेश्वरास बाहेरून विणकर आणून वसविले, असे परंपरा सांगते. रेशमी ताणा, सुती बाणा, दोन्ही अंगांनी नेसता येणारा काठ आणि त्यावर किल्ल्याच्या भिंतींवरून घेतलेली चटईची व विटेची नक्षी, ही महेश्वरी लुगड्याची ओळख. पुढे होळकरांचे राज्य लयास गेले, मागणी ओसरली, माग थंडावले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या रेहवा संस्थेने त्यांस पुन्हा चालना दिली.

राजाश्रयाने मागाला जागा मिळते, विद्या मात्र हातांतच राहते. दशपुरच्या श्रेणीची कीर्ती शिळेवर उरली; महेश्वरी वस्त्रास गावाचे नाव मिळाले, अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण लाभले, पण विणणाऱ्याचे नाव नाही. माळव्यातील मराठी कर्तृत्वाचा अभिमान बाळगताना हे ऋण आम्ही मान्य केले पाहिजे. वर्गात अहिल्याबाईंचे चरित्र शिकविताना मंदसोरचा तो लेखही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. म्हणजे वस्त्राला इतिहास असतो, तसाच विणणाऱ्यालाही असतो, हे त्यांस कळेल.