वैमानिक व हवाई नियंत्रक यांच्यातील विसंवाद : जुन्नर (१९६२) व माँ ब्लां (१९६६) येथील विमान अपघातांच्या संदर्भात

प्रस्तावना :

शिरूर व दौंड तालुक्यांचा इतिहास म्हटला की घोड-भीमेचे खोरे आणि दौंडचे रेल्वे जंक्शन डोळ्यांसमोर येते. या प्रदेशावरील आकाशमार्गाचा विचार सहसा होत नाही. पूर्वेकडून मुंबईस येणारी विमाने दख्खनचे पठार व सह्याद्रीची रांग ओलांडूनच कोकणात उतरतात. वैमानिक आणि नियंत्रक यांच्या बिनतारी संभाषणातील चूक ही ऐकण्यातील चूक असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात विचारात घेतलेल्या दोन अपघातांत मात्र शब्द नीट ऐकले गेले होते; विमान नेमके कोठे आहे, याविषयीची समजूत चुकलेली होती.

जुन्नर, १९६२ :

शिरूरच्या वायव्येस असलेल्या जुन्नर परिसरातील डोंगरावर ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान आदळले. सिडनीहून रोमकडे निघालेले हे विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, पावसाळी अंधारात, त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा ग्रह झाला होता. त्याने खाली येण्याची परवानगी मागितली, ती मिळाली.

चौकशीत दोष वैमानिकाकडे गेला : चुकलेले स्थाननिर्धारण, किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन, भूप्रदेशाची अपुरी ओळख. हा निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. तथापि 'परवानगी' या शब्दाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. नियंत्रकाच्या दृष्टीने तिचा मुख्य अर्थ इतर विमानांशी टक्कर होणार नाही, एवढाच. खालच्या डोंगराची काळजी वैमानिकाने घ्यावयाची. अनोळखी मुलखात रात्री उतरणाऱ्या माणसास तोच शब्द खाली सर्व काही ठीक असल्याची ग्वाही वाटू शकतो.

माँ ब्लां, १९६६ :

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली व बैरूतमार्गे जिनिव्हाकडे जात होते. विमानातील दोन व्हीओआर यंत्रांपैकी (जमिनीवरील रेडिओ केंद्राच्या आधारे दिशा दाखविणारे उपकरण) एक बंद होते, हे वैमानिकास बैरूत सोडतानाच माहीत होते. आपण माँ ब्लां शिखराच्या बाजूने पुढे जात आहोत, असे त्याने कळविले. येथे जुन्नरपेक्षा परिस्थिती वेगळी होती, कारण जिनिव्हाच्या नियंत्रकास रडारवर विमान दिसत होते आणि त्याने चूक ओळखलीही होती. माँ ब्लां अजून पाच मैलांवर आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आपण दुरुस्ती केली, असे त्याला वाटले. वैमानिकाने 'रॉजर' म्हटले, म्हणजे संदेश मिळाला. संदेश कळला की नाही, हे त्या शब्दातून समजत नाही. डोंगरधार मागे पडली या समजुतीने विमान उतरत राहिले व ११७ जणांचा अंत झाला. पुरेशा नेमक्या शब्दयोजनेअभावी ही दुरुस्ती चुकीची समजली गेली, असा फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष होता. तरीही या अपघाताची चर्चा आपल्याकडे घातपाताच्या तर्कांभोवतीच फिरत राहिली.

मृतांमध्ये डॉ. होमी भाभा होते. (त्यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आज जुन्नर तालुक्यातच, खोडद येथे आहे.)

पुढील उपाय :

तेनेरीफ येथे २७ मार्च १९७७ रोजी ५८३ जणांचा बळी गेल्यावर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरताच राखून ठेवण्यात आला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे दोन विमानांच्या टकरीत ३४९ जण ठार झाले आणि वैमानिकांच्या इंग्रजीचा प्रश्न ऐरणीवर आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यासाठी भाषाक्षमतेची चौथी पातळी किमान ठरविली. तिची मुदत मार्च २००८ ही होती. भाषेची परीक्षा आवश्यकच आहे. परंतु माँ ब्लांवरील वैमानिक व जिनिव्हाचा नियंत्रक हे दोघेही अशा परीक्षेत बहुधा उत्तीर्णच झाले असते. त्या संदेशात उणीव होती ती शिखर विमानाच्या पुढे आहे की मागे, हे सांगणाऱ्या एका शब्दाची.