मेक

मेक : सॉफ्टवेअरचा बदललेला भाग आणि त्यावर अवलंबून असलेले भाग तेवढेच नव्याने तयार करणारी बांधणी आज्ञावली.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये लिहिली (पहा : युनिक्स). त्यापूर्वी बदललेली एखादी फाइल संकलित करायची राहिली, तर जुनाच ऑब्जेक्ट कोड प्रोग्रॅममध्ये जोडला जाई.

मेकफाइलमधील प्रत्येक नियमात लक्ष्य, त्याची अवलंबने आणि आज्ञा असतात. आज्ञेची ओळ टॅबने सुरू होते, तेथे स्पेस चालत नाही. अवलंबनांचा आलेख तयार करून मेक फाइलींच्या शेवटच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते. लक्ष्य अस्तित्वात नसेल किंवा अवलंबन त्यापेक्षा नवे असेल, तरच आज्ञा चालते. एक हेडर फाइल बदलली, की ती वापरणाऱ्या सर्व फाइली पुन्हा संकलित होतात. मात्र ते अवलंबन नोंदवलेले नसल्यास बदल मेकला कळत नाही. बांधणी यशस्वीच दिसत असल्याने हा दोष विशेष घातक ठरतो. म्हणून जीसीसीसारखे संकलक अवलंबनांची यादी स्वतः काढून देतात (पहा : संकलक).

अवलंबनांचा माग ठेवण्याचे हेच तत्त्व पुढे सॉफ्टवेअर पॅकेजांना लागू झाले. निक्स ही प्रणाली वेळेऐवजी बांधणीच्या सर्व निविष्टींवरून काढलेला हॅश वापरते. डेबियनमध्ये (पहा : लिनक्स) पॅकेजची नवी आवृत्ती ‘टेस्टिंग’ शाखेत घेण्यापूर्वी त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्याही उपलब्ध चाचण्या चालवतात, आधी यशस्वी होणारी चाचणी फसल्यास प्रवेश अडतो. मेकसाठी फेल्डमन यांना एसीएमचा २००३ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.