कवडी, पैसा आणि लक्ष्मीचे भांडे

कोलकात्याच्या घरोघरी सुटे पैसे साठवण्याचे काम परंपरेने स्त्रियांकडे असले, तरी त्या पैशांचे मोल ठरवणे त्यांच्या हाती कधीच नव्हते. ते आधी बाजारातल्या सराफाने, पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या टांकसाळीने आणि अखेर सरकारी अधिसूचनेने ठरवले. या शहरातील चिल्लरीचा इतिहास म्हणूनच केवळ काटकसरीचा इतिहास म्हणून वाचता येत नाही.

शहर वसले तेव्हा बंगालमधील सर्वांत लहान चलन कवडी हे होते. मालदीव बेटांवरून जहाजांनी बालासोरच्या बंदरात उतरणारी ही कवडी बाजारहाट, मजुरी आणि दानधर्म या सर्वांना पुरत असे, आणि सिल्हेटसारख्या जिल्ह्यात तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जमीनमहसूलही तिच्यातच भरला जाई. तिची मोजणी ठरलेली होती: चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण आणि सोळा पणांचा, म्हणजे १२८० कवड्यांचा, एक काहण. रुपया आणि कवडी यांच्यामधला दुवा म्हणजे पोद्दार, अर्थात सुट्या नाण्यांचा सराफ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस ब्यूकॅनन याने दिनाजपूर जिल्ह्याची पाहणी करताना या पोद्दारांच्या व्यवहाराचे वर्णन केले आहे. बाजारात कवड्यांचा ढीग पुढ्यात मांडून बसलेला पोद्दार दिवसा रुपये घेऊन कवड्या देई, संध्याकाळी विक्रेत्यांकडून त्याच कवड्या घेऊन रुपये देई, आणि या दोन दरांतील फरकावर त्याचे पोट चाले. अठराव्या शतकाच्या मध्यास रुपयाला सुमारे अडीच हजार कवड्या मिळत. शंभर वर्षांनी हाच भाव सहा हजारांच्या पुढे गेला. ज्या घराने कवड्या साठवल्या त्याची पुंजी मडक्यातल्या मडक्यात अर्ध्याहून कमी झाली, ती कोणी चोरून न नेताच.

कवडी बाजारातून गेली तरी देवघरातून गेली नाही. महाराष्ट्रात कोजागरी पौर्णिमा आटवलेल्या दुधाने साजरी होते, तर बंगालमध्ये त्या रात्री लक्ष्मीची पूजा असते, आणि दर गुरुवारी लक्ष्मीचे व्रत करून तिची पांचाली, म्हणजे पद्यात रचलेली व्रतकथा, वाचण्याची चाल आहे. या पूजेभोवती दोन वेगळी पात्रे आढळतात आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिले ‘लक्ष्मीर झांपी’, म्हणजे वेताची झाकणाची टोपली. तिच्यात धान, कवड्या आणि एखादे जुने नाणे असते व ते सहसा खर्च करायचे नसते. दुसरे ‘लक्ष्मीर भांड’, म्हणजे भाजलेल्या मातीचा, पोटाशी गोल आणि वर आडवी चीर असलेला गल्ला. यातले पैसे मात्र खर्चासाठीच असतात. बाजारातून उरून आलेली मोड, सणाला थोरांनी हातावर ठेवलेले नाणे, असे काही ना काही त्यात पडते. त्याला झाकण नसल्याने तो एकतर पुरा भरल्यावर फोडायचा किंवा अडीनडीला उलटा धरून चिरेत सुरीचे पाते घालायचे आणि एकेक नाणे पात्यावरून ओघळू द्यायचे. गल्ल्याची ही रचनाच मोह आवरणारी आहे असे म्हणतात खरे, पण सुरीच्या या युक्तीपुढे तो दावा फारसा टिकत नाही.

कवडीची जागा तांब्याच्या पैशाने घेतली ती टांकसाळीच्या बळावर. स्ट्रँड रोडवरची, ग्रीक देवळाच्या धर्तीची टांकसाळ १८२९ साली सुरू झाली. तिचा धातुपरीक्षक जेम्स प्रिन्सेप, जो पुढे ब्राह्मी लिपीच्या उलगड्यासाठी प्रसिद्ध झाला, त्याचा १८३५ च्या एकसारख्या चलनाच्या योजनेत मोठा वाटा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै हा हिशेब त्यानंतर स्थिरावला. तांब्याच्या नाण्यांची मागणी इतकी वाढली, की १८६० च्या सुमारास त्यांच्यासाठी शेजारी वेगळी टांकसाळ बांधावी लागली.

वंगभंगाच्या काळात घरातील या साठवणीला राजकीय अर्थ आला. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालमध्ये अरंधन, म्हणजे चूल न पेटवण्याचा दिवस, पाळला गेला. लेखक रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांनी फाळणीच्या निषेधार्थ ‘बंगलक्ष्मीर व्रतकथा’ लिहिताना स्त्रियांच्या ओळखीचा व्रतकथेचाच साचा निवडला. अरंधनाच्याच दिवशी कोलकात्याच्या बागबाजारात भरलेल्या सभेत राष्ट्रीय निधीसाठी पन्नास हजारांहून अधिक रुपये जमले, आणि त्यांत मोठ्या देणग्यांपेक्षा सामान्यांच्या लहान रकमांचा भरणा अधिक होता. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी याच सुमारास उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला, हे येथे आठवते.

सरकारला मात्र घरातल्या चिल्लरीचा खरा धाक वाटला तो दुसऱ्या महायुद्धात. नोटांवरचा विश्वास डळमळून लोक नाणी दाबून ठेवू लागले, तेव्हा जून १९४० मध्ये व्यक्तिगत वा व्यापारी गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे हा गुन्हा ठरवण्यात आला. गरज किती हे कोण मोजणार होते, हा प्रश्न उरलाच. १९४३ पासून धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा काढावा लागला. लहान नाण्याची किंमत शहराला सर्वांत तीव्रतेने कळली ती जुलै १९५३ मध्ये, ब्रिटिश मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले तेव्हा. प्रवासी जुने भाडेच पुढे करू लागले, कंडक्टर ते घेईनात, आणि पाहता पाहता आंदोलन रस्त्यावर येऊन ट्रामगाड्या पेटल्या. अखेर मुख्यमंत्री विधानचंद्र राय यांच्या सरकारच्या काळात भाडेवाढ मागे घ्यावी लागली. चार वर्षांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान पद्धती येऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणे व पै यांचा हिशेब मोडीत निघाला.

अलीकडचा काळ तर परस्परविरोधांचा आहे. २००७ च्या सुमारास कोलकात्यात सुट्या पैशांची टंचाई इतकी झाली, की नाणी बांगलादेशात चोरून नेऊन वितळवतात आणि त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या आल्या. नाण्याच्या दर्शनी मूल्यापेक्षा त्यातला धातू महाग झाला होता. जून २०११ अखेर पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. त्यानंतर चक्र उलटे फिरले: नोटाबंदीनंतर नाण्यांचा इतका सुकाळ झाला, की जानेवारी २०१८ मध्ये टांकसाळींना नाणी पाडणे थांबवण्यास सांगितले गेले, आणि कोलकात्यातील अनेक दुकानदार एक रुपयाचे लहान नाणे घेण्यास नकार देऊ लागले. २०११ च्या नाणे कायद्यानुसार रुपयाची व त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन ठरतात, म्हणजे तुडुंब भरलेला गल्ला फोडून कोणी मोठी खरेदी करायला निघाले, तर हजाराच्या पुढची नाणी नाकारण्याची मुभा दुकानदाराला कायद्यानेच दिली आहे. २०२१ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने स्त्रियांना दरमहा पाचशे व हजार रुपये देणारी योजना आणली, तेव्हा तिला ‘लक्ष्मीर भांडार’ हे नाव दिले. तिचे पैसे मात्र थेट बँक खात्यात जमा होतात.