कपाटातला वऱ्हाड: रद्द झालेले कायदे कोण सांभाळतं?

फोन हातात आहेच, तर ऐकता ऐकता एक काम करा. 'कुळ कायदा' असं टाइप करून सर्च करा. पहिल्या काही रिझल्टमध्ये १९४८ चा कायदा दिसेल आणि त्याच्यासोबत एक तारीख: १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो माणूस कूळ म्हणून जमीन कसत होता, त्याला कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानलं, काही अपवाद सोडून.

आता तुमच्या आजोबांचं शेत दर्यापूरला किंवा मुर्तिजापूरला असेल, तर हे वाचून काही उपयोग नाही. काहून बाप्पा? तर विदर्भाचा कुळ कायदा वेगळा आहे. तो १९५८ चा आहे आणि त्याच्या नावातच कंसात 'विदर्भ विभाग' असं लिहिलेलं आहे. त्यातल्या मालकीच्या तारखाही वेगळ्या: १ एप्रिल १९६१, आणि त्यानंतर १ एप्रिल १९६३. चुकीचा कायदा उघडला तर तारीख चुकते, आणि तारीख चुकली की शेत कोणाचं याचं उत्तरच बदलतं. मराठवाड्याचा आणखी तिसराच, हैदराबादचा १९५० चा कायदा. राज्य एक, कुळ कायदे तीन.

पण आजची गोष्ट याच्याही एक पायरी खाली आहे. १९५८ चा कायदा कूळ कोणाला म्हणतो? त्यातला एक प्रकार आहे 'संरक्षित पट्टेदार'. आणि संरक्षित पट्टेदार म्हणजे कोण, हे बघायला तो कायदा तुम्हाला मागे पाठवतो, १९५१ च्या बेरार शेती पट्टे नियमन कायद्याकडे. तो कायदा केला होता मध्य प्रदेशच्या विधानसभेने. तो कधीच रद्द झालाय. म्हणजे आज चालू असलेल्या कायद्यातला एक शब्द समजायला तुम्हाला एका रद्द झालेल्या कायद्याचं पुस्तक लागतं, तेही दुसऱ्या राज्याने केलेल्या. ते पुस्तक कुठेतरी एखाद्या कपाटात असावं लागतं, आणि ते तिथे आहे हे ठाऊक असणारा कोणीतरी माणूसही असावा लागतो. आज त्या कपाटाबद्दल आणि त्या माणसाबद्दल बोलू.

आधी हे असं का झालं ते पटकन सांगतो. वऱ्हाड निजामाचा. १८५३ साली निजामाने सैन्याच्या थकलेल्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये करार झाला: वर्षाला २५ लाख रुपये भाडं, आणि पट्टा कायमचा. पुढच्या वर्षी कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. पण कागदावर मालक निजामच! त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात पास झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. नागपुरात लागू, अमरावतीत नाही, असं होऊ शकत होतं. गव्हर्नर जनरलने वेगळी अधिसूचना काढून तो इथे लागू करावा लागे, कधी जसाच्या तसा, कधी दोनचार शब्द बदलून. १९४१ मध्ये बेरार लॉज ॲक्ट नावाचा खास कायदा करून यातला बराच गुंता सोडवला गेला. मग १९५० मध्ये आपण मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. अकोल्याचा एखादा म्हातारा माणूस घरातून न हलता इतक्या राज्यांत राहून आला. आणि प्रत्येक सरकार जाताना आपली पुस्तकं मागे ठेवून गेलं.

आता विचार करा, १८९० च्या सुमाराला अमरावतीत वकिली करणाऱ्या माणसाला काय काय जवळ ठेवावं लागत असेल. दादासाहेब खापर्डे सरकारी नोकरी सोडून १८९० मध्ये अमरावतीत वकिली करायला लागले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हेही तिथलेच वकील. १८९७ चं काँग्रेस अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते, आणि अध्यक्ष सी. शंकरन नायर, तेही मद्रासचे वकील. शाळेच्या इतिहासात ही माणसं राजकारणी म्हणून येतात. पण त्यांचं पोट भरायचं ते पुस्तकांच्या जोरावर. कायदा तर लागतोच, पण तो वऱ्हाडात लागू आहे का, हे दाखवणारा कागदही लागतो. समोरचा वकील उभा राहून म्हणणार, साहेब, हे कलम आमच्याकडे आलेलंच नाही. मग खटला कागद कोणाकडे आहे त्यावर.

हेच मोरोपंत जोशी पुढे १९२८ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले, १९२९ च्या सारडा कायद्याच्या वेळची ही गोष्ट. अमरावतीच्या वकिलाचं नाव त्या अहवालावर आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून जाता जाता सांगितलं.

त्या काळी ग्रंथपाल नावाचा माणूस वकिलाच्या ऑफिसात नव्हता. कारकून होता. कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर, कोणत्या निकालाचं पान गेल्या खेपेला दुमडलं होतं, हे त्याच्या डोक्यात. तो गेला की अर्धी लायब्ररी गेली. नंतर वकील संघांनी बार रूममध्ये सगळ्यांसाठी मिळून पुस्तकं ठेवायला सुरुवात केली, वर्गणीतून.

आणि पुस्तकं तर वाढतच होती. १८७५ मध्ये सरकारने कायदा करून ठरवलं की अधिकृत निकालपत्रांखेरीज इतर रिपोर्ट ऐकून घ्यायला कोर्ट बांधील नाही. त्यातून १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्स सुरू झाले. पण सरकारी छपाईचा वेग तुम्हाला माहीतच आहे. ती पोकळी भरून काढली आपल्या शेजारच्या नागपूरने. १९२२ मध्ये व्ही. व्ही. चितळे यांनी तिथे ऑल इंडिया रिपोर्टर उभा केला. देशभरातला वकील ज्याला 'एआयआर' म्हणतो, तो नागपूरचा. त्याचे संदर्भ १९१४ सालापासून सुरू होतात. नागपूर हायकोर्ट ९ जानेवारी १९३६ ला आलं आणि १९५६ ला संपलं. वीस वर्षांचं हायकोर्ट! पण त्याचे निकाल वऱ्हाडातल्या जमिनीच्या दाव्यांत अजून वाचले जातात. 'एआयआर', मग साल, मग 'नागपूर', मग पान, असं वकील म्हणाला की समजायचं, जुनं कपाट उघडणार.

दर महिन्याला अंक येणार. ते क्रमाने लावायचे, वर्ष संपलं की बाइंडिंगला द्यायचे, एक अंक हरवला तर वर्षभर रडायचं. त्याहून किचकट काम दुरुस्तीचं. कायद्यात बदल झाला की छापील पट्टी येते. ती कापून बरोबर त्या कलमावर चिकटवायची. शंभर पुस्तकं असतील तर शंभरांत. हे काम कोणी बघत नाही, कोणी शाबासकी देत नाही. पण पट्टी चिकटवायची राहिली तर उभा वकील कोर्टात जुनं कलम वाचतो. माझ्या मते लॉ लायब्ररीतलं सगळ्यात जबाबदारीचं काम या डिंकाच्या बाटलीचं होतं.

साध्या वाचनालयात जुनं, फाटकं, कोणी न वाचणारं पुस्तक बाद करतात. जागा लागते ना. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पाचवा म्हणजे ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. वाढायचं तर काहीतरी बाहेरही जाणार. पण कायद्याच्या लायब्ररीत 'कालबाह्य' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. कारण कोर्ट विचारतं, ती गोष्ट घडली तेव्हा कायदा काय होता?

ताजं उदाहरण बघा. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, आणि आपलं लाडकं चारसोबीस ३१८ मध्ये जाऊन बसलं. मग दंड संहितेची पुस्तकं रद्दीत? अजिबात नाही. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. ते खटले, त्यांची अपिलं अजून कितीतरी वर्षं चालतील. एकाच टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवावी लागणार.

आता उलट बाजू. बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात की लॉ कॉलेज सुरू करायचं तर लायब्ररीत ठरावीक रिपोर्ट हवेत आणि त्यांचे किमान १० वर्षांचे मागचे अंक हवेत. दिल्लीत बसून हा आकडा ठीक वाटतो. अमरावती-अकोल्यात १० वर्षं म्हणजे काहीच नाही हो. इथे १९५१ लागतं, कधी १९२८ चा बेरार जमीन महसूल कायदा लागतो. जागेची टंचाई झाली, नवीन समिती आली, कोणीतरी म्हणालं की हे 'सीपी अँड बेरार'वालं काय कामाचं, की गठ्ठा बाहेर. त्या क्षणी हात धरायला तिथे जाणकार माणूस असायला हवा. बार रूममध्ये अशा माणसाची सक्ती कोणावर नाही. बहुतेक ठिकाणी एकच जण पुस्तकं देतो, झेरॉक्स काढतो, नोटीस बोर्डही सांभाळतो.

तुम्ही म्हणाल, आता फोनवर सगळं आहे. बरंच आहे, खरंय. २००८ पासून इंडियन कानून फुकट आहे. २ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ई-एससीआर सुरू केलं, सुरुवातीलाच सुमारे ३४,००० निकाल, एक पैसा न देता. त्याच वर्षी तटस्थ क्रमांकाची पद्धत आली. नागपूर खंडपीठाच्या निकालावर आता साल, मग 'बीएचसी-एनएजी', मग नंबर असतो. कोणत्या कंपनीचं पुस्तक तुमच्याकडे आहे याने फरक पडत नाही. धारणीच्या नव्या वकिलाला हे फार मोठं वरदान आहे, कारण एआयआरचा पूर्ण संच त्याला जन्मात परवडला नसता.

पण निकाल फोनवर आले म्हणून त्या जुन्या अधिसूचना, ते १९५१ चे नियम सहज सापडतात असं नाही. आणि दुसरी भानगड नवीनच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीला विचारून कोर्टात निकाल दाखल केले. त्यातले सहा निकाल अस्तित्वातच नव्हते. पक्षकारांची नावं, कोर्टाचं नाव, उतारे, सगळं बनावट, पण हुबेहूब. ५,००० डॉलर दंड झाला. जुन्या बार रूममध्ये हे झालंच नसतं, कारण खंड काढून आणायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला असता: वकीलसाहेब, त्या पानावर दुसरंच काहीतरी आहे.

म्हणून मला वाटतं, ग्रंथपालाचं काम संपलं ही हाकाटी लवकर झाली. डिंकाची बाटली गेली, पण प्रश्न तेच आहेत. हा निकाल खरा आहे का? हे कलम कोणत्या तारखेपर्यंत असं होतं? हा कायदा वऱ्हाडाला लागू आहे की फक्त पुण्या-नाशकाला? हे ओळखायला आता डेटाबेस येणारा आणि सीपी अँड बेरारचं गॅझेटही वाचता येणारा माणूस लागतो. अशा माणसाला दोन विद्या याव्या लागतात, आणि पगार मात्र आपण अर्ध्याचा देतो.

जुन्या शब्दांची किंमत किती, हे पूर्व विदर्भाने नुकतंच पाहिलंय. 'झुडपी जंगल' ही महसुली नोंदीतली जुनी संज्ञा. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ही जमीन वनजमीनच मानायची. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी दिलेल्या जागांना संरक्षणाची वाट ठेवली, त्यानंतरच्यांची कडक तपासणी. घरं, शाळा, सरकारी कचेऱ्या, किती गोष्टी त्या एका नोंदीवर उभ्या होत्या. निकाल देणाऱ्या खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे.

तुमच्या घरात कुळाचा जुना कागद असेल तर त्यावरचं साल आधी बघा आणि मग वकिलाकडे जा. १९५८ च्या आधीचं असेल, तर नुसता निकाल शोधू नका म्हणावं. त्या वर्षी लागू असलेला कायदा कोणता आणि त्याची प्रत कुठे मिळेल, हे विचारा. तुमच्या जिल्ह्यातल्या बार रूमला किंवा लॉ कॉलेजला असं कपाट अजून असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. फोटो चालेल, फक्त पुस्तकाच्या पाठीवरचं साल दिसू द्या.